मुलांची कॉम्प्युटरची यादी वाचताना

आईबाबांनो, मुलाने किंवा मुलीने कॉम्प्युटर ‘अपग्रेड’ करायची यादी तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर धाडली असेल, तर त्यातली अक्षरं आणि आकडे बघून लगेच फोन बाजूला ठेवू नका. ‘आहे तो चालतोय की!’ हे आपलं ठरलेलं उत्तर आणि ‘तुम्हाला त्यातलं काही कळत नाही’ हे त्यांचं. दोन्ही वाक्यांत थोडंफार तथ्य असतं, म्हणून तर भांडण मिटत नाही. मी कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे अशा भांडणांत पंच म्हणून मला बरेचदा ओढलं जातं. आज जरा तुमच्या बाजूला बसून बोलते.

पुष्कळ घरांतला डेस्कटॉप लॉकडाऊनच्या काळात, २०२० च्या आसपास, ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला आहे. नवव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. तेव्हा आठवीत असलेलं मूल आता कॉलेजात आहे. त्याला हे यंत्र संथ वाटतं, आणि ते खोटं बोलत नाही. पण संथ म्हणजे नेमकं कुठे, हे त्याने दाखवायला हवं. तेवढं मागायचा तुम्हाला हक्क आहे.

दाखवणं सोपं आहे. नेहमीचं काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबायला सांगा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक यांचे आलेख वेगवेगळे दिसतात. तुम्ही शेजारी खुर्ची ओढून बसा. डिस्कचा आलेख शंभर टक्क्यांना चिकटून बसला असेल आणि प्रोसेसर वीस-पंचवीस टक्क्यांवर आरामात असेल, तर नवा प्रोसेसर आणून काही उपयोग नाही. दोष त्या फिरत्या हार्ड डिस्कचा, तिच्या जागी एसएसडी हवी. ती सेकंदाला शे-दीडशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते. शिवाय इकडेतिकडे विखुरलेल्या बारीक बारीक फाइली उचलण्यात हार्ड डिस्क जी धापा टाकते, ते या आकड्यांतही दिसत नाही. मेमरी नव्वदच्या वर असेल तर ८ जीबीच्या जोडीला आणखी ८ जीबी. बीए, कॉमर्स, टॅली, एक्सेल, अगदी पहिल्या वर्षाचं सी आणि पायथनसुद्धा यावर निवांत चालतं. एवढ्यावर भागत असेल तर उरलेले पैसे राखून ठेवा.

भागत नाही, असंही होतं. मुलगी मेकॅनिकलला आहे, त्रिमितीय मॉडेल फिरवताना यंत्र गोठतं. किंवा मुलगा ब्लेंडरमध्ये ॲनिमेशन करतो आणि एक दृश्य तयार व्हायला रात्र जाते. मग ३५-४० हजारांची गोष्ट निघते आणि इथेच आपण पालक एका जुन्या सापळ्यात सापडतो. आपल्याला एकच मोजमाप ठाऊक असतं: आय-थ्रीपेक्षा आय-फाइव्ह चांगला, आय-फाइव्हपेक्षा आय-सेव्हन. बाजाराला आपलं हे ज्ञान चांगलं माहीत आहे. ‘आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, फक्त अमुक हजारांत’ अशा जाहिरातीतला आय-सेव्हन खूपदा ३७७० असतो, म्हणजे २०१२ साली आलेला, कुठल्यातरी ऑफिसातून निवृत्त होऊन आलेला. त्यात ४ कोअर आहेत. २०२२ च्या आय-थ्री १२१०० मध्येही ४ कोअर आहेत, आणि तो त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. वर आणखी एक अडचण: विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. म्हणजे तो स्वस्तातला आय-सेव्हन घरात येतो तोच मुदत संपवून. तुमचा लॉकडाऊनमधला आय-थ्री मात्र त्या नियमात बसतो. तेव्हा ‘आय’च्या पुढचा एक आकडा सोडा, त्यानंतरच्या चार-पाच आकड्यांतली पिढी बघा. १२४०० म्हणजे बारावी, ९१०० म्हणजे नववी.

आकड्यांच्या शेवटी ‘एफ’ असेल तर थबका. १२४०० आणि १२४००एफ यांत फरक एवढाच, की एफवाल्यात ग्राफिकची सोय आत नसते. वेगळं ग्राफिक कार्ड घेणार असाल तर हजार-दोन हजार वाचले. नसाल तर सगळं जोडून झाल्यावर पडदा काळाच राहतो. एएमडीच्या रायझन प्रोसेसरचंही तसंच: ५६००जी मध्ये ग्राफिक आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही.

घरात रायझनचं जुनं यंत्र असेल तर नशीबवान आहात. एएमडीने एएम-फोर हे सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, वर्षानुवर्षं चालू ठेवलं, त्यामुळे जुन्या बऱ्याच मदरबोर्डांवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून ५६०० थेट बसतो. बोर्ड तोच, रॅम तीच. इंटेलवाल्यांना हे सुख नाही. नवव्या पिढीच्या बोर्डवर बारावीचा प्रोसेसर बसत नाही, सॉकेटच वेगळं. म्हणजे प्रोसेसरसोबत बोर्डही आला.

आणि रॅम? २०२५ च्या अखेरीस रॅम अतोनात महागली. एआयच्या डेटा सेंटरांची भूक भागवण्यात कारखाने गुंतले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा आपला व्यवसायच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. म्हणून यादीत ‘डीडीआर-फाइव्ह’ ही नवी रॅम दिसली तर विचारा, का? घरातली डीडीआर-फोर पट्टी तिच्या बोर्डात चालत नाही, खाचच जुळत नाही. पण बाराव्या पिढीच्या आय-फाइव्हसाठी डीडीआर-फोर घेणारे बोर्डही आहेत. जुनी पट्टी तशीच वापरून जोडीला एक घेतली, की बरीच मोठी रक्कम वाचते. वेगात जो फरक पडेल तो कॉलेजच्या कामात जाणवणारा नाही, असं माझं मत आहे. मुलाला ते पटणार नाही. यूट्यूबवरच्या तक्त्यांत फरक दिसतो, आणि या वयात तक्ते फार खरे वाटतात.

आता ग्राफिक कार्ड, म्हणजे खऱ्या भांडणाची जागा. ‘याला गेम खेळायचेत’ असं तुमच्या मनात आहे ना? अहो, खेळणारच आहे. गेमचा वेळ किती, यावर त्याच्याशी स्वतंत्रपणे बोला. ते भांडण कार्डाच्या किमतीत मिसळू नका. त्रिमितीय काम, व्हिडिओ एडिटिंग असेल तर कार्डाचा उपयोग आहे. मशीन लर्निंग शिकायचं म्हणून मागत असेल, तर सुरुवातीला गुगल कोलॅबवर ब्राउझरमधूनच ग्राफिक प्रोसेसर फुकट वापरता येतो, हे त्यालाही माहीत असतं. फक्त तो सांगत नाही.

यादीत सगळ्यात खाली, सगळ्यात कमी किमतीला, एक नाव असतं: एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. घासाघीस करताना दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही कात्री लावतात ती इथेच, कारण तो दिसत नाही, त्याने वेग वाढत नाही आणि मित्रांना सांगण्यासारखं त्यात काही नसतं. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट येणाऱ्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, पण तेवढा भार पडला की तो मान टाकतो, आणि जाताना कधी मदरबोर्डही सोबत नेतो. आरटीएक्स ४०६० हे कार्ड घ्या: ते स्वतः ११५ वॅट घेतं, १२४०० जोरात चालला तर जवळपास तेवढेच. बाकीचं धरून बेरीज तीनशेच्या आत. तरी एनव्हिडिया त्या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. भार अचानक उसळतो, शिवाय नवनव्या ब्रँडांच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार! ‘८० प्लस’ हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, सगळा दर्जा सांगत नाही. पण तो नसलेला डबा घरात आणू नका. पाच वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी असली तर उत्तम. यासाठी कार्ड एक पायरी खाली उतरवावं लागलं तरी उतरवा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर गावातल्या ओळखीच्या दुकानात, ‘बिल नको असेल तर दोन हजार कमी’ हे वाक्य कानावर पडेलच. बिल घ्या, आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर डब्यासकट आहे ना तेही बघा. सुट्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी बहुधा मिळत नाही, दुकानदार देईल तेवढीच.

दोन गोष्टी मुलांच्या यादीत कधीच नसतात. एक यूपीएस. घरात आधीचा ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅट पेलतो. कार्ड बसवल्यावर वीज गेली तर फाइल सेव्ह करण्यापुरता तो टिकतो का, ते आधी तपासा. दुसरी अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की कुणी तक्रारच करत नाही. ४० हजारांची नवी यंत्रणा त्या प्लगात लावण्याआधी तो प्लग तपासून घ्या. त्यासाठी यूट्यूब लागत नाही. वायरमन तुमच्याच ओळखीचा आहे.