हर्पिसचा रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला, म्हणजे नेमके काय झाले?

पावसाळ्यातील एका संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या वेळी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी चोवीस-पंचवीस वर्षांची, लग्नाला तीन वर्षे झालेली. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत गर्भपात झाला. म्हणून शहरात रक्ताची 'टॉर्च' तपासणी करून घेतली होती. रिपोर्टात एका ओळीखाली कोणीतरी लाल शाईने रेघ ओढली होती : 'हर्पिस सिम्प्लेक्स आयजीजी - पॉझिटिव्ह'.

हा गुप्तरोग आहे, असे कोणीतरी सांगितले आणि सासरच्यांनी मुलीला माहेरी आणून सोडले. "डॉक्टरसाहेब, व्याही म्हणतात पोरीचं पाऊल वाकडं पडलं. तुम्हीच काय ते खरं सांगा," एवढे बोलून गृहस्थ गप्प झाले. मुलगी मान खाली घालून बसली होती.

आजचा लेख त्या एका ओळीविषयी आहे. ती ओळ काय सांगते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय सांगत नाही, हे वाचकांनी समजून घ्यावे.

हर्पिस म्हणजे नागीण नव्हे

आपल्याकडे हर्पिस म्हटले की लोकांना नागीण आठवते. नागीण हा 'हर्पिस झोस्टर'. तो कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो. हर्पिस सिम्प्लेक्स हा त्याच कुळातला, पण वेगळा विषाणू. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार मुख्यतः ओठांवर दिसतो. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाणीदार बारीक फोडांचा पुंजका उठतो आणि 'ताप ओठावर फुटला' असे आपण म्हणतो, तो हाच. लहानपणी आजी-आजोबांनी, आई-वडिलांनी मुका घेतला तरी तो लागतो. दुसरा प्रकार मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो आणि जननेंद्रियावर फोड आणतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार पन्नास वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांना, म्हणजे शंभरातील ६४ जणांना, पहिल्या प्रकाराची लागण झालेली आहे. दुसऱ्या प्रकाराची लागण १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांना, म्हणजे शंभरातील १३ जणांना आहे. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

विषाणूच्या अंगावरचे काटे

हा विषाणू फणसासारखा आहे असे समजा. आत प्रथिनांच्या डबीत त्याची जनुके असतात. डबीभोवती चरबीचे पातळ आवरण आणि त्या आवरणावर काटे. हे काटे म्हणजे साखर जोडलेली प्रथिने, त्यांना ग्लायकोप्रोटीन म्हणतात. शास्त्रज्ञांनी त्यांना बी, सी, डी, ई, जी अशी अक्षरे दिली आहेत.

प्रत्येक काट्याचे काम ठरलेले. 'डी' आपल्या पेशीला पकडतो. 'बी' विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणात मिसळून टाकतो आणि आत शिरायला वाट करतो. 'ई' हा 'आय' नावाच्या जोडीदाराला घेऊन आपल्या प्रतिपिंडांचे शेपूटच धरून ठेवतो, म्हणजे त्यांना पुढचे काम करता येऊ नये! पुढे हा विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत जाऊन झोपतो. म्हणूनच तो एकदा शिरला की जन्मभर राहतो. ताप, ऊन, जागरण, मानसिक ताण यांनी अधूनमधून जागा होतो, इतकेच.

प्रतिपिंडे म्हणजे जुनी नोंद

विषाणू शरीरात आला की आपले रक्त त्याच्या काट्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. आयजीजी जातीची प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. पण नंतर ती सहसा कायम राहतात. पोलीस ठाण्यातील जुन्या नोंदीसारखे हे आहे. चोर कधीतरी येऊन गेला, एवढेच नोंद सांगते. तो कधी आला, कोणाबरोबर आला, कोणत्या दाराने आला, हे त्यात लिहिलेले नसते.

लॅबमध्ये काय करतात? प्लॅस्टिकच्या पट्टीवरील छोट्या खळग्यांना विषाणूच्या प्रथिनांचा लेप दिलेला असतो. त्यात रक्तातील पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, घालतात. प्रतिपिंडे असतील तर ती लेपाला चिकटतात, बाकीचे धुऊन जाते. मग रंग आणणारे रसायन घालतात. रंग जितका गडद, तितका आकडा मोठा. हीच 'एलायझा' तपासणी.

आता खरी मेख. लेप कोणत्या प्रथिनाचा आहे? दोन्ही प्रकारच्या विषाणूंचे 'बी' आणि 'डी' हे काटे जुळ्या भावांसारखे इतके सारखे असतात, की एकाची प्रतिपिंडे दुसऱ्यालाही चिकटतात. सगळ्या विषाणूचा अर्क लेपाला वापरला असेल तर ओठावर ताप फुटलेला माणूसही 'पॉझिटिव्ह' येणार. पण 'जी' हा काटा दोघांत वेगळा आहे. पहिल्या प्रकारात तो २३८ अमिनो आम्लांचा, तर दुसऱ्यात ६९९ अमिनो आम्लांचा. जुळ्या भावांचा अंगठ्याचा ठसाच म्हणा! म्हणून प्रकार ओळखायचा तर तपासणी 'ग्लायकोप्रोटीन जी'वर आधारलेलीच हवी. या मुलीच्या रिपोर्टात '१ व २ एकत्र' असे बारीक अक्षरात छापलेले होते. ते कोणी वाचलेच नव्हते.

'जी'वरची तपासणीही अचूक नसते. काही प्रचलित किटमध्ये १.१ च्या वर आकडा गेला की दुसऱ्या प्रकारासाठी 'पॉझिटिव्ह' लिहितात. परंतु १.१ ते ३ या पट्ट्यातील बरेच निकाल खोटे निघतात. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात असे निकाल दुसऱ्या पद्धतीने पडताळून घ्या, असे म्हटले आहे. त्यासाठीची 'वेस्टर्न ब्लॉट' ही पद्धत विषाणूची प्रथिने वजनाप्रमाणे वेगळी मांडून कोणत्या प्रथिनाला प्रतिपिंड चिकटले ते दाखवते. पण ती तालुक्याच्या लॅबमध्ये होणारी गोष्ट नव्हे.

आणि आयजीएम? ते पॉझिटिव्ह म्हणजे नवी लागण, अशी समजूत आहे. हर्पिसमध्ये ती चालत नाही. जुना विषाणू जागा झाला तरी आयजीएम येऊ शकते आणि ते प्रकारही सांगत नाही. सीडीसीने ही तपासणी करू नका असेच सांगितले आहे. अंगावर ताजा फोड असेल तर त्यातील पाणी घेऊन केलेली पीसीआर तपासणी सर्वांत भरवशाची.

गर्भपाताचा संबंध

'टॉर्च' हे नाव १९७१ साली प्रचारात आले ते नवजात बाळांच्या काही संसर्गांसाठी. वारंवार गर्भपाताचे कारण शोधायला ही तपासणी उपयोगी नाही. पहिल्या तीन महिन्यांतील सुमारे निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषाने होतात. बाकी थायरॉईड, मधुमेह, गर्भाशयाची रचना, रक्तात गुठळ्या करणारी काही प्रतिपिंडे यांचा शोध घ्यावा लागतो. कबूल करायला हवे, की पूर्वी मीही पुष्कळ जणींना ही तपासणी लिहून दिली आहे. त्यातून किती घरांत विनाकारण संशय शिरला असेल कोण जाणे.

काळजी केव्हा घ्यावी?

१) गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जननेंद्रियावर पहिल्यांदाच फोड आले तर ताबडतोब डॉक्टरांना सांगावे. अशा वेळी बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात ३० ते ५० इतका असतो. जुन्या, पुन्हा उठणाऱ्या हर्पिसमध्ये तो एक टक्क्याहून कमी असतो.
२) ओठावर फोड असलेल्या कोणीही तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये.
३) तान्हे बाळ दूध ओढेना, सुस्त पडले, ताप किंवा फोड आले तर दवाखान्यात न्यावे.
४) डोळा लाल होऊन दुखत असेल तर मनाने स्टेरॉइडचे थेंब घालू नयेत. हर्पिस असेल तर दृष्टी जाऊ शकते.

असायक्लोव्हिर हे चांगले औषध उपलब्ध आहे. ज्या संशोधनातून ते निघाले त्याबद्दल गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ते जागा झालेला विषाणू आवरते, झोपलेल्याला मात्र बाहेर काढू शकत नाही. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. त्रास काहीच नसेल तर नुसत्या रिपोर्टसाठी औषध नको.

आता त्या मुलीचे. मी जावयाला आणि त्याच्या आईला बोलावून घेतले. बोलता बोलता सासूबाई म्हणाल्या, "ओठावर फोड तर आमच्या घरात सगळ्यांनाच येतात. याला शाळेत असल्यापासून येतात." मी दोघांचीही 'जी'वर आधारलेली तपासणी करवली. दोघांचाही पहिला प्रकार पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह आला. मी त्यांना हेही सांगितले, की दुसरा आला असता तरी तो कधी, कोणाकडून आला हे रक्त सांगत नाही. तो लक्षणांशिवाय वर्षानुवर्षे राहतो आणि नवऱ्याकडूनही आलेला असू शकतो.

दिवाळीनंतर मुलगी सासरी गेली. व्याह्यांनी तिच्या वडिलांची माफी मागितली की नाही, ते मी विचारले नाही.

वाचकांनी एवढेच लक्षात ठेवावे : असा रिपोर्ट घरात आला तर तो आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा, नातेवाइकांना नंतर.