आपल्याकडे केल्पची जंगलं का नाहीत?

प्रश्न : समुद्राच्या तळातून उंच वाढलेली केल्पची जंगलं टीव्हीवर पाहिली. ती उजाड होताहेत म्हणे. कोकणात अशी जंगलं आहेत का? आणि ती वाचवणारी माणसं नेमकं करतात तरी काय?
– एक वाचक, बदलापूर

उत्तर : कोकणात केल्प नाही. ते झाड नव्हे, तपकिरी शैवाल. त्याला मुळं नसतात. खडकाला घट्ट धरून ते हवेच्या फुग्यांच्या आधाराने वर येतं. मानवलं तर दिवसाला फूट-दीड फूटही वाढतं. पण पाणी लागतं थंडगार, साधारण २० अंशांच्या आतलं. आपला समुद्र जानेवारीतही कोमटच.

त्याचा चुलतभाऊ मात्र आपल्याकडे आहे : सरगॅसम. ओहोटीला मालवणच्या खडकांवर पाहा, वाटाण्याएवढे फुगे चिमटीत फुटतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या उंटवाले, धारगळकर यांनी सत्तरच्या दशकातच गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शैवालाची मोजदाद केली होती. अशाच तपकिरी शैवालातून अल्जिनेट काढतात. कवळीचं माप घेताना दातांचे डॉक्टर तोंडात जो गार लगदा दाबतात, तो त्याचाच.

आता वाचवण्याचं. उत्तर कॅलिफोर्नियात २०१३पासून रोगाने तारामासे मेले. त्यांतला सूर्यफुलासारखा, वीसेक हातांचा तारामासा काटेरी सी-अर्चिन खायचा. राखणदार गेला, अर्चिन माजले आणि केल्प फस्त करत सुटले. त्यात २०१४पासून पाणीही तापलं. तिथलं ९० टक्क्यांहून अधिक बुल केल्प गेलं. म्हणून पाणबुडे बुडी मारून अर्चिन एकेक करून वेचतात, नाहीतर हातोडीने फोडतात. कुणी उपग्रहचित्रांवरून उरलेलं केल्प मोजतं, कुणी प्रयोगशाळेत तारामाशांची पिल्लं वाढवतं. शेतातल्या खुरपणीसारखंच काम, फक्त पाण्याखाली.

तुमच्या वाटणीचं खाऱ्या पाण्यातलं जंगल वेगळं आहे. तुमच्या शेजारच्या अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगर ओलांडून कल्याणला उल्हास नदीच्या पाण्यात जाते आणि ते सारं वसईच्या खाडीत. खाडीकाठी कांदळवन आहे. २०१२पासून राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष त्याची राखण करतो. तिथला अर्चिन म्हणजे भराव, राडारोडा आणि आपल्या नाल्यांतून गेलेला कचरा. ओहोटीला कधी गेलात, तर चिखलातून वर आलेली श्वासमुळं पाहा. त्यांत अडकलेल्या पिशव्यांपैकी एखादी आपल्याच गल्लीतली निघायची.