माळकऱ्याच्या मेंदूत जंत कसा?

‘आमच्या घरात अंडंपण शिजत नाही की ओ डॉक्टर!’ निपाणीकडचे एक माळकरी एमआरआयचा रिपोर्ट हातात धरून सांगत होते. पन्नाशीत पहिलीच फिट, आणि मेंदूत डुकराच्या पट्टकृमीची गाठ. आजारापेक्षा भावकी काय म्हणेल, याचीच धास्ती जास्त.

डुकराचं मांस खाणाऱ्यालाच हा आजार होतो, हा गैरसमज काही केल्या जात नाही. अर्धंकच्चं डुकराचं मांस खाल्लं तर जंत आतड्यात वाढतो. मेंदूत गाठ होते ती त्या जंताची अंडी पोटात गेल्यावर, आणि ती येतात जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. न धुतलेल्या हातांनी, घाण पाण्यावरच्या भाजीतून. म्हणजे बेळगावात कॅम्पात कुणी चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, आणि पालेभाजी तिखट घालून तासभर मंद आचेवर रटरटवत असेल, तर त्या भांड्याची मला काळजी नाही. काळजी आहे ती भाकरीबरोबर कच्च्या खाल्लेल्या मेथीची, मुळ्याच्या पाल्याची. पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. मिठाच्या पाण्यात बुडवून अंडी मरत नाहीत. शंका असेल तर शिजवूनच खा.

मांस खाणाऱ्यांनीही हुरळून जाऊ नये. धुरी दिली, मिरची चोळली म्हणजे जंत मेला असं नाही. आतला गुलाबीपणा जाईपर्यंत शिजवा.

मोठेपणी पहिल्यांदा आलेली फिट, उलट्यांसह वाढती डोकेदुखी, अंधुक दिसणं, यांत थांबू नका. फिट आलेल्याला कुशीवर वळवा. चप्पल, कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा तर मुळीच घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. अंगारे-धुपारे करून महिन्याने येणाऱ्यांवर मी चिडतो, आणि चिडणारच.

त्याहून धोक्याचं म्हणजे मोबाइलवर वाचून मेडिकलमधून आणलेल्या जंताच्या गोळ्या. मेंदूतली गाठ औषधाने मरताना भोवती सूज येते. आधी सूज आवरावी लागते, डोळेही तपासावे लागतात. शाळेत जंतनाशक दिनाला मिळणारी 400 मिलिग्रॅमची एक गोळी वेगळी, ती मुलांना जरूर द्या. मात्र मुलाला फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

घाबरू नका, बहुतेकांच्या फिट औषधांनी आटोक्यात येतात. ते काकाही बरे आहेत. फक्त घरात कुणाच्या शौचातून पांढरे, चपटे, फितीसारखे तुकडे पडत असतील तर लाजू नका. तपासणी सगळ्या घराची करायची, स्वयंपाक करणाऱ्यापासून.