पावसाळ्यात टिलँड्सियाची निगा

टिलँड्सिया ही अननसाच्या कुळातली वनस्पती; रोपवाटिकेत ती ‘एअर प्लांट’ या नावाने मिळते. मूळच्या अमेरिका खंडात ती फांदीला किंवा कातळाला धरून वाढते. तिची मुळे धरून राहण्यापुरतीच. पाणी शोषतात ते पानांवरचे रुपेरी खवले. बांडगूळ झाडाचा रस ओढते, ही फक्त आधार घेते.

पुण्यातल्या शनिवार पेठेसारख्या दाट वस्तीत तिला उन्हाळ्यापेक्षा जून ते सप्टेंबर हा काळ जड जातो. मे महिन्यात भिजवलेले रोप बघता बघता वाळते. पावसाळ्यात मात्र अरुंद बोळ, एकमेकींना भिडलेल्या इमारती आणि मुठेकाठची ओल यांमुळे पानांच्या बेचक्यातले पाणी हलत नाही आणि बुडखा कुजतो. वरून पाने हिरवीच दिसतात. मधले पान हलकेच ओढले की ते सुटून हातात येते आणि त्याचे बूड तपकिरी, लिबलिबीत असते. असे रोप सहसा वाचत नाही.

म्हणून उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा अर्धा तास बुडवलेले रोप पावसाळ्यात दहा-बारा दिवसांतून एकदा, दहा मिनिटेच बुडवावे. झड लागली असेल तर तेही नको. पाणी सकाळीच द्यावे, कारण या वनस्पतीची पर्णरंध्रे रात्री उघडतात आणि ओल्या पानांत हवा शिरत नाही. बाहेर काढल्यावर रोप झटकून रोळीत उपडे ठेवावे व पंख्याखाली चार तासांच्या आत कोरडे करावे. काचेचा गोल कितीही देखणा असला तरी या दिवसांत त्यात रोप ठेवणे म्हणजे ओली कोथिंबीर डब्यात कोंबणे. पूर्वेच्या खिडकीत, वारा लागेल असे टांगलेले बरे.

स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणी उत्तम. बोअरच्या जड पाण्यातले क्षार खवल्यांवर बसतात. तांबे तर या कुळाला विषच. बुरशीवर बागेत सर्रास वापरले जाणारे मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण इथे वापरू नये; बांधायला तांब्याची तार नको, तांब्याच्या हंड्यातले पाणीही टाळावे.

फूल येऊन गेले की मूळ रोप हळूहळू सुकते; ते रोगाचे लक्षण नव्हे. बुडाशी फुटलेली पिल्ले आईच्या निम्म्याएवढी झाल्यावर वेगळी करावीत, पण ओला काप कुजतो म्हणून पाऊस उघडल्यावरच.