अभयारण्यालगतच्या शिबिरस्थळाची निवड

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्याचा डोंगराळ प्रदेश पसरलेला आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच असे १,६४६ मीटरचे कळसूबाई शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण हे सारे याच टापूत येते. येथील वनांना १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा दर्जा मिळाला. बिबट्या, भेकर, शेकरू यांचा येथे वास आहे. जलाशयाभोवतीच्या शेंडी, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी या गावांत उन्हाळी सुटीत विद्यार्थ्यांची निसर्गशिबिरे भरतात आणि मे महिन्याच्या अखेरीस काजव्यांचा हंगाम सुरू झाला की पाहुण्यांची रीघ लागते.

शिबिराचा कार्यक्रम, भोजन, वाहने, व्याख्याने यांची आखणी संयोजक महिना-महिना आधी करतात. जागा मात्र बहुधा एकाच भेटीत ठरून जाते. ही भेट मार्च-एप्रिलमधील एखाद्या स्वच्छ दुपारी झालेली असते आणि शिबिर भरते ते मेच्या उत्तरार्धात, वळवाचे ढग माथ्यावर जमू लागतात तेव्हा. दुपारच्या उन्हात पाहिलेली जागा रात्रीच्या पावसात कशी वागेल, हा प्रश्न त्या भेटीत विचारलाच जात नाही. शिबिरांत उद्भवणाऱ्या अडचणींपैकी पुष्कळशा येथूनच सुरू होतात.

सपाट जागेचा मोह

उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी खाली उतरते आणि काठाला विस्तीर्ण मोकळी पट्टी उघडी पडते. समोर निळे पाणी, मागे रतनगड, तंबू ठोकण्यास हवी तेवढी जागा. पाहताक्षणी कोणालाही हीच जागा पसंत पडते आणि छायाचित्रात ती सर्वांत चांगली दिसते, हे मान्य केले पाहिजे. तथापि मुलांच्या शिबिरासाठी या परिसरात याहून अयोग्य जागा सापडणे कठीण. ही पट्टी म्हणजे जलाशयाचा गाळ आहे. कोरडा असताना तो कठीण भासतो. एक जोराची सर पडली की तंबूच्या खुंट्या त्यातून सहज उपटून येतात. वळवाचा पाऊस वाऱ्यासह येतो आणि पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला तेथे झाड नाही, बांध नाही. शिवाय पाणी पन्नास पावलांवर असते. धरणाच्या जलाशयाचा तळ नदीच्या घाटासारखा पायरीपायरीने उतरत नाही. गुडघाभर पाण्यातील मूल पुढच्या दोन पावलांत गळ्याएवढ्या पाण्यात जाऊ शकते आणि गाळात पाय रुतला तर पोहता येणाऱ्यालाही तो सोडवणे अवघड जाते. पन्नास-साठ मुलांवर चोवीस तास नजर ठेवणे कोणत्याही शिक्षकाला शक्य नाही. म्हणून पाण्यापासून अंतर राखणे हाच त्यावरील खात्रीचा उपाय होय.

दुसरा मोह भातखाचरांचा. पीक निघून गेलेली खाचरे सपाट, स्वच्छ आणि गावाला लागून असतात. मालकही आनंदाने परवानगी देतो. परंतु खाचराची रचनाच मुळी पाणी धरून ठेवण्यासाठी केलेली असते. त्याचे बांध पिढ्यान्‌पिढ्या याच हेतूने घातलेले व राखलेले आहेत. अर्ध्या तासाच्या पावसात त्याचे तळे होते, आणि तसे ते होणे हे चांगल्या खाचराचे लक्षण आहे. तेथे तंबू ठोकणाऱ्याने शेतकऱ्याला दोष देऊ नये. त्याच सुमारास खाचरांच्या कडेला राब भाजलेला असतो, त्याची राख आणि भाजलेली जमीन पेरणीसाठी राखून ठेवायची असते. शेकडो पावलांनी ती तुडवली गेली तर शेतकऱ्याचे नुकसान होते.

त्यापेक्षा वरकस जमीन पाहावी. नाचणी-वरईसाठी पाळीपाळीने वापरली जाणारी ही उताराची जमीन संयोजकांना प्रथम नजरेत भरत नाही, कारण ती थोडी तिरकी व मुरमाड असते. परंतु मंद उतारामुळे पाणी साचत नाही आणि मुरमात खुंटी पक्की बसते. झोपताना डोके उताराच्या वरच्या बाजूस ठेवले म्हणजे गैरसोयही फारशी होत नाही. मात्र वरून एखादी घळ उतरत असेल तर तिच्या तोंडाशी, आणि वाळलेल्या फांद्यांच्या जुन्या झाडाखाली, तंबू लावू नयेत.

साम्रदजवळच्या सांदण दरीचा उल्लेख येथे स्वतंत्रपणे केला पाहिजे. उंच कातळभिंतींमधील ही अरुंद घळ पाहण्यासाठी अनेक गट येतात आणि काहींना दरीच्या आत किंवा मुखाशी मुक्काम करण्याची हौस असते. ढग दिसू लागल्यावर ही हौस आवरली पाहिजे. दरीवर आकाश निरभ्र असले तरी वरच्या बाजूस पडलेल्या पावसाचे पाणी लोंढ्याने आत उतरते आणि घळीत बाजूला होण्यास जागा नसते. दरी पाहावी ती कोरड्या ऋतूत, दिवसाउजेडी, गावातील वाटाड्यासह. मुक्काम गावाजवळच करावा.

पक्के छत किती पावलांवर?

वळवाच्या पावसातील खरी भीती पाण्याची नसून विजेची आहे. कापडी तंबू विजेपासून कोणतेही संरक्षण देत नाही; मोकळ्या माळावर तर तंबूच्या धातूच्या काठ्या सभोवतालात उंच ठरतात. एकाकी झाडाचा आसरा त्याहून धोक्याचा. पक्की इमारत किंवा चारी बाजूंनी बंद, पत्र्याच्या छताचे वाहन एवढीच दोन सुरक्षित ठिकाणे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर असा हिशेब धरता तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर होतात. अंतर याहून कमी झाले की सर्वांना छताखाली न्यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर सोडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप विजेची पूर्वसूचना देते, पण त्यासाठी मोबाईलला रेंज लागते. या दऱ्याखोऱ्यांत ती कोठे मिळते आणि कोठे नाही, हेही जागा पाहतानाच तपासलेले बरे.

यावरून जागेची पहिली कसोटी ठरते. जिल्हा परिषदेची शाळा, समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीची इमारत शिबिरापासून मुलांना अंधारात, पावसात, न धावता पाच मिनिटांत गाठता आली पाहिजे. इमारत उघडी असली पाहिजे, किल्ली शिबिरप्रमुखाच्या हाती असली पाहिजे आणि सर्व मुले तिच्यात मावतील का, हे आधी मोजलेले असले पाहिजे. निसर्गाच्या सान्निध्याची हौस असलेल्यांना शाळेशेजारचा मुक्काम नीरस वाटतो. परंतु अरण्य तेथून हाकेच्या अंतरावर असतेच.

पाणी कोणाचे?

घाटघर-रतनवाडीच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच तालुक्याच्या पूर्व भागात तो पाचशेच्या आसपास असतो. एवढ्या पावसाच्या मुलखात मे महिन्यात पाण्याची टंचाई असेल, असे शहरातून येणाऱ्याला वाटतही नाही. प्रत्यक्षात तीव्र उतार आणि काळा कातळ यांमुळे पाणी वाहून जाते, आणि माथ्याकडील वाड्या-पाड्यांतील झरे व विहिरी उन्हाळ्यात तळाला जातात. नेमक्या त्याच दिवसांत शिबिरे भरतात. मदत-छावण्यांसाठी दरडोई दररोज किमान १५ लिटर पाणी धरण्याचा संकेत आहे. साठ विद्यार्थी व आठ मोठी माणसे यांच्या तीन दिवसांच्या शिबिराला या किमान हिशेबानेही ३,०६० लिटर पाणी लागते. हे पाणी गावच्या विहिरीतून उपसले तर तिसऱ्या दिवशी तेथील बायकांना हंडाभर पाण्यासाठी दूरवर चालत जावे लागेल. ज्या गावात उन्हाळ्यात पाणी पुरत नाही तेथे टँकरची सोय स्वतः करता येत नसेल, तर जागा कितीही सुंदर असो, ती सोडून द्यावी.

पिण्याचे पाणी उकळून किंवा ग्रामपंचायतीकडील टीसीएल पावडरने निर्जंतुक करून वापरावे. शौचालयांची व्यवस्था विहीर वा झऱ्यापासून ३० मीटरहून अधिक अंतरावर आणि उताराच्या खालच्या बाजूस असावी. वीस जणांमागे किमान एक शौचालय हवे. शाळेतील शौचालये वापरायची असतील तर त्यांच्या टाकीत पाणी भरण्याची जबाबदारीही शिबिराने उचलावी.

रात्रीचा विचार

दगडी ताली, पेंढ्याच्या गंजी, लाकडाचे ढीग यांच्या लगत तंबू नसावेत. तेथे उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतात. नाग, घोणस, फुरसे यांच्यापेक्षा मण्यारीची ओळख शिक्षकांना अधिक असली पाहिजे. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यास चावते आणि दंशाची वेदना फारशी जाणवत नाही. पहाटे पोटात दुखते म्हणून रडणाऱ्या, पापण्या जडावलेल्या मुलाला अपचन झाले असे समजून झोपवू नये. खाली शिवलेला तळ असलेले तंबूच वापरावेत. कोकणाकडील उतारावर लाल विंचूही आढळतो. त्याच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयुक्त ठरते, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले आणि पुढे असंख्य जीव वाचले. हे औषध व सर्पदंशावरील प्रतिविष जवळच्या आरोग्य केंद्रात आहे की नाही, याची चौकशी शिबिराआधी प्रत्यक्ष जाऊन करावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत घाटरस्त्यावर वेळ जातो. म्हणून एक वाहन व चालक रात्रभर शिबिरातच ठेवणे अगत्याचे आहे.

काजव्यांसाठी येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर लुकलुकणारा हा प्रकाश म्हणजे नर-मादीची परस्परांना दिलेली खूण होय. मोटारींचे दिवे व विजेऱ्यांचे झोत यांनी ती खूण पुसली जाते. काही जातींच्या माद्या जमिनीलगत असतात, अळ्या ओल्या मातीत वाढतात. झाडाखाली गर्दी केली की त्या पायदळी जातात. ज्या झाडावर काजवे भरतात त्याच्याखाली शिबिर लावणे म्हणजे पाहण्याची वस्तूच नाहीशी करणे होय. मुक्काम दूर असावा, विजेरीवर लाल कागद असावा आणि झाडाकडे पायी जावे.

गावाची आणि वनखात्याची संमती

अभयारण्यात प्रवेश व मुक्काम हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ व २८ खालील परवानगीचा विषय आहे. आग लावण्यास कलम ३० ने मनाई केलेली आहे. अभयारण्याची हद्द जमिनीवर रेघ ओढून दाखवलेली नसते. तेव्हा ‘जागा हद्दीबाहेर आहे’ हे कोणाच्या तोंडी सांगण्यावर न घेता वनरक्षकाला बरोबर नेऊन खात्री करावी. ध्वनिक्षेपक तर रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत २००० च्या नियमांनुसार सर्वत्रच बंद ठेवावा लागतो. अरण्याकाठी तो दिवसाही नको.

येथील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या परिसरातील साधनसंपत्तीबाबत अधिकार दिलेले आहेत. एका जमीनमालकाशी भाडे ठरवून मोकळे होण्यापेक्षा विषय ग्रामसभेपुढे ठेवावा. पाण्याचा वापर, कचरा परत नेण्याची हमी, वाटाड्यांची मजुरी, महिला बचत गटाकडून घ्यावयाच्या जेवणाचा दर हे तेथेच ठरले तर नंतर वाद उद्भवत नाहीत. सरपंच व सदस्यांनीही केवळ रकमेकडे न पाहता, गटाची संख्या किती आणि छत किती जणांना पुरेल, हे विचारून मगच होकार द्यावा. नकार देण्याचा अधिकारही वापरावयाचाच असतो.

जागा नक्की करण्यापूर्वी दोन शिक्षकांनी तेथे एक रात्र काढावी. अंधार पडल्यावर नियोजित तंबूपासून शाळेपर्यंत विजेरी न लावता चालून पाहावे आणि मिनिटे मोजावीत. सकाळी गावातील एखाद्या जाणत्या माणसाला त्या जागेवर आणून मागच्या वळवात पाणी कोठून आले व कोठे साचले, एवढेच विचारावे. ती जागा तो हाताने दाखवील; खुंट्या तिच्या बाहेर ठोकाव्यात.