नव्या शोधाची वार्ता आणि तिचा दाखला

विज्ञानातील एखाद्या नव्या शोधाची वार्ता खेड्यातील शाळेपर्यंत पोहोचण्यास पूर्वी महिनोगणती काळ लागत असे. आता ती शिक्षकाच्याही आधी विद्यार्थ्याच्या घरातील मोबाइलवर येऊन थांबलेली असते. त्यामुळे वार्ता मिळवणे हे शिक्षकाचे काम उरले नाही. मिळालेली वार्ता खरी किती, हे पाहणे मात्र त्याच्याकडेच आले आहे. काष्टीच्या जनावरांच्या बाजारात बैलाचे दात पाहिल्यावाचून कोणी शेतकरी सौदा करीत नाही. शोधाची वार्ता मात्र पुष्कळदा दात न पाहताच एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि उत्साही शिक्षकही त्यास अपवाद नसतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा ते 'दक्षिण ध्रुवावर' उतरले असे कितीतरी फळ्यांवर लिहिले गेले. वस्तुतः ते सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरले. ध्रुव तेथून बराच दूर राहतो.

अशी चूक लहान वाटते, पण ती किती वर्षे टिकू शकते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ते हेलियम या वायूचे होय.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यात काही चौथरे आहेत. लोक त्यांस 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथूनच सूर्य पाहिला आणि हेलियमचा शोध लावला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. कथा अभिमानाची आहे. म्हणूनच ती तपासण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

घडले ते असे. त्या ग्रहणाची छाया खरोखरच भारतावरून गेली आणि ते पाहण्यास युरोपातून अनेक शास्त्रज्ञ आले. फ्रान्सचे जान्सेन आंध्रातील गुंटूर येथे होते. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांचा प्रकाश त्यांनी वर्णपटदर्शकातून पाहिला. त्या प्रकाशाच्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की, ग्रहण नसतानाही त्या दिसल्या पाहिजेत, असे त्यांस वाटले. दुसऱ्याच दिवशी, भर उजेडात, त्यांनी त्या पाहून दाखविल्या. लॉकियर मात्र त्या वर्षी भारतात आलेच नव्हते. ते इंग्लंडमध्ये होते, आणि ग्रहणाशिवाय सौरज्वाला पाहण्याची हीच युक्ती त्यांनी स्वतंत्रपणे शोधून २० ऑक्टोबर १८६८ रोजी सिद्ध केली. योगायोग असा की, भारतातून निघालेले जान्सेन यांचे पत्र आणि लॉकियर यांच्या शोधाची वार्ता पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली. कोण पहिला, असा कलह माजविण्याऐवजी फ्रेंच सरकारने दोघांच्याही मुद्रा असलेले एकच पदक काढले.

पुढचा भाग वर्गात सांगण्यासारखा आहे. ज्वालांच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसत होती. प्रथम ती सोडियमची समजली गेली, आणि ते स्वाभाविकच होते. स्टोव्हच्या निळ्या ज्योतीत शिक्षकाने मिठाची चिमूट टाकली की ज्योत पिवळी होते, तो रंग सोडियमचाच. परंतु बारकाईने मोजता सूर्यावरील रेषा सोडियमच्या रेषांच्या जागी नेमकी बसेना. लॉकियर यांनी रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्या सहकार्याने प्रयोग केले. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी ती रेषा जुळेना. तेव्हा हे नवेच मूलद्रव्य असावे असा तर्क करून, सूर्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यास हेलियम हे नाव मिळाले. अनेकांनी तो तर्क मानला नाही. सुमारे सत्तावीस वर्षांनी, १८९५ साली, रॅम्झे यांस एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा आढळली, तेव्हा शंका फिटली.

मग विजयदुर्गचे चौथरे कशाचे? लॉकियर विजयदुर्गास आले ते ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्या वेळी हेलियम हा शोध जुना झाला होता. दोन ग्रहणे, एक गृहस्थ आणि एक किल्ला यांची सरमिसळ होऊन एक गोड कथा तयार झाली. साल विचारले असते तर ती तेथेच थांबली असती. यात विजयदुर्गाचा मान कमी होतो असे मानण्याचे कारण नाही. १८९८ ची खरी हकीकतही पुरेशी मोलाची आहे.

त्या हकीकतीचा एक धागा श्रीगोंदे तालुक्याच्या अगदी जवळ येतो. काष्टीहून दौंडास जाऊन सोलापूरच्या गाडीत बसले की वाटेत करमाळा तालुक्यातील जेऊर स्थानक लागते. त्याच २२ जानेवारी १८९८ रोजी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी जेऊर येथे दुर्बिणी मांडल्या होत्या. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कँपबेल हेही तेथेच उतरले होते. सूर्य पूर्ण झाकलेला राहिला तो जेमतेम दोन मिनिटे. नायगमवाला यांचा छापील अहवाल मात्र १९०२ मध्ये बाहेर पडला. दोन मिनिटांच्या दर्शनासाठी चार वर्षांचे लेखन, हे प्रमाण विद्यार्थ्यांस आवर्जून सांगावे. आपल्या जिल्ह्याच्या शेजारी एवढे घडले, हे विजयदुर्गची कथा तोंडपाठ असलेल्या पुष्कळ शिक्षकांस ठाऊक नसते, ही थोडी खेदाचीच गोष्ट.

लॉकियर यांचे आणखी एक कार्य येथे सांगणे प्रस्तुत आहे. १८६९ मध्ये त्यांनी 'नेचर' हे साप्ताहिक सुरू केले. नवे संशोधन एकमेकांस कळावे आणि सामान्य वाचकासही त्याचा परिचय व्हावा हा त्याचा हेतू होता. ते आजही निघते. मराठीत हेच काम १९२८ पासून 'सृष्टिज्ञान' मासिकाने आणि १९६६ पासून मराठी विज्ञान परिषदेने केले. डॉ. जयंत नारळीकर तर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांस सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा; उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. जिज्ञासूंनी जिज्ञासूंस सांगावे, ही परंपरा अशी जुनी आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत तिला दहा मिनिटे मिळण्यास हरकत नसावी.

त्या दहा मिनिटांत सांगणाऱ्याने वार्तेबरोबर तिचा दाखलाही आणावा. कोणी पाहिले, कोठून व केव्हा, कोणत्या साधनाने, नेमके काय मोजले आणि दुसऱ्या कोणी ते पडताळले काय, एवढे कळले पाहिजे. एक अलीकडचे उदाहरण घेऊ. नारायणगावजवळील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. २०२३ च्या जानेवारीत तिच्या साहाय्याने एका अतिदूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजनचा संदेश टिपल्याचे प्रसिद्ध झाले. 'परग्रहावरून संदेश आला' अशी तिची अफवा होण्यास वेळ लागत नाही. दाखल्यासह सांगायचे तर असे: बंगळूरचे निरुपम रॉय आणि कॅनडातील अर्णब चक्रवर्ती यांनी हायड्रोजन अणूतून निसर्गतः निघणाऱ्या रेडिओ लहरी पकडल्या, त्या सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाल्या होत्या, वाटेतील दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे कार्य केले, म्हणून एवढा क्षीण संकेत हाती लागला. या सांगण्यात अफवेपेक्षा नवल कमी नाही. ज्या शाळेस जमेल तिने विज्ञानदिनाच्या सुमारास खोडदला सहल न्यावी. तेथील प्रदर्शनात शाळकरी मुलांचे प्रकल्पही मांडलेले असतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळावे. २ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी, दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. शाळेचा दिवस आहे. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी, काजळी धरलेल्या काचेतून अथवा क्ष-किरण चित्राच्या फितीतून कोणासही पाहू देऊ नये. पुठ्ठ्यास सुईने छिद्र पाडून सूर्याकडे पाठ करावी, आणि छिद्रातून येणारी प्रतिमा पांढऱ्या कागदावर घ्यावी. लिंबाखालच्या कवडशांतही चंद्रकोरी दिसतील. प्रत्येक शाळेने वहीत गावाचे नाव, प्रथम दंश दिसलेली वेळ, घड्याळ कोणाचे, प्रतिमा कोणी काढली आणि आकाश कसे होते हे लिहावे. ऑगस्टातील ढगांनी सूर्य झाकला तर तसेच लिहावे. पुढील शिक्षण परिषदेत काष्टी व आसपासच्या शाळांच्या वह्या शेजारीशेजारी ठेवून वेळा जुळतात का पाहावे. ज्या जुळणार नाहीत, त्यांच्यावर चर्चा आधी करावी.