रानबोरीवर डोळा भरणे

जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या यावल, रावेर, चोपडा व शिरपूर तालुक्यांतील पाड्यांवर बांधोबांधी रानबोर आपोआप उगवते. तिचे सोटमूळ खोल जाते, म्हणून मुरमाड जमिनीत व पावसाने ओढ दिली तरी ती तग धरते. फळ मात्र बारीक व आंबट. जळगावच्या मेहरूण बोराची गोडी तिला नाही.

1990 साली राज्य सरकारने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली, तेव्हापासून महाराष्ट्रात फळझाडे पुष्कळ लागली. परंतु जेथे उन्हाळ्यात प्यावयासही पाणी दुरून आणावे लागते, तेथे नवे रोप जगविणे कठीण. अशा ठिकाणी आहे त्याच बोरीवर मेहरूण किंवा उमराणचा डोळा भरावा, असे आमचे मत आहे. जुन्या मुळांस पाणी शोधावयास शिकवावे लागत नाही.

उन्हाळ्यात बोरीची पाने गळाली म्हणजे झाड गुडघाभर उंचीवर करवतीने कापावे. कुऱ्हाडीने बुंधा चिरतो. नव्या फुटीपैकी दोन-तीन जोमदार फांद्या राखाव्यात. पावसाळ्यात त्या पेन्सिलीएवढ्या झाल्या की सालीस इंग्रजी टी अक्षरासारखा छेद देऊन चांगल्या झाडाचा फुगीर डोळा सालीसकट आत बसवावा, व डोळा उघडा ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावे.

शिकविणाऱ्याची कसोटी लागते ती येथे. फळते झाड कापा म्हटले, तर घरची बाई विचारील, "गुरुजी, यंदा बाजारात काय नेऊ?" तिचे म्हणणे रास्त आहे, बोरे वेचून विकणारी बहुधा तीच. म्हणून पहिल्या वर्षी एकच झाड घ्यावे, तेही ज्याचे फळ सर्वांत हलके ते. आणि चाकू तिच्या हाती द्यावा. केवळ पुरुषांस जमवून व्याख्यान देणे आम्हांस अपुरे वाटते.

डोळा फुटला म्हणजे काम संपले असे नाही. खालच्या रानटी खुंटास फूट येतच राहते. ती वेळोवेळी खुडली नाही तर तीच जोर धरते, भरलेला डोळा मरतो, आणि पाडा म्हणतो, "गुरुजींनी फसविले." शेळ्यांसही हा कोवळा पाला फार आवडतो, कापलेल्या काटेरी फांद्यांचेच कुंपण करावे.

फळ नव्या फुटीवर येते, म्हणून छाटणी दरसाल उन्हाळ्यात हवी. किडकी बोरे झाडाखाली पडू देऊ नयेत. फळमाशीची अळी त्यांतून मातीत उतरून कोष करते. ती वेचून खोल पुरावी, व उन्हाळ्यात झाडाखालची माती खणून तापू द्यावी.